आठ महिने मल्टिक्लास वापरून: दुसरा क्लास कधी घ्यावा

टेबल जळगावचं, खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स (फाशांवर चालणारा भूमिकांचा खेळ) पाचवी आवृत्ती, नियम २०१४ चे. मल्टिक्लास म्हणजे एकाच कॅरेक्टरने एकाहून जास्त क्लास, म्हणजे पेशे, घेणं. दर रविवारी बैठक, पाच खेळाडू, एक डीएम (खेळ चालवणारा), आठ महिन्यांत लेव्हल १ ते ८. पाचांपैकी तीन कॅरेक्टर मल्टिक्लास आहेत. मत आधीच सांगतो: नियम उत्तम आहे, पण सगळी मेख क्रमात आहे. दोन क्लास कोणते निवडले यापेक्षा दुसरा कितव्या लेव्हलला घेतला, यावर कॅरेक्टर तरतं किंवा बुडतं. (इंग्रजीतला 'रोग' मराठी शीटवर आजार वाटतो, म्हणून आमच्याकडे त्याला 'चोरटा' म्हणतात. इथेही तेच लिहितो.)

आपल्याकडे कापसात मूग घेतात, तो दोन-सव्वादोन महिन्यांत हाती येतो आणि कापसाला जागा मोकळी होते. तूर घेतली तर ती हंगामभर पाणी ओढत उभी राहते. दुसरा क्लास मुगासारखा असावा. चोरटा १, क्लेरिक १, फायटर २, वॉरलॉक २ (आकडा त्या क्लासच्या लेव्हलचा) हे लवकर पदरात पडणारे. मंक तुरीसारखा: त्याचा स्टनिंग स्ट्राइक (शत्रूला सुन्न करणारा वार) मंकच्याच पाचव्या लेव्हलला येतो, तोवर मुख्य क्लास वाळतो.

फायटर-चोरट्याचा हिशेब बघा. लेव्हल ५ ला ६,५०० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात, ६ ला १४,०००. फायटर ५ ला एक्स्ट्रा अटॅक मिळतो, म्हणजे टर्नला दोन वार. डेक्स (चपळाई) १८, म्हणजे डॅमेजला अधिक चार, हातात रेपिअर तलवार, म्हणजे डी८ (आठ बाजूंचा फासा, सरासरी साडेचार), फायटिंग स्टाइल बाजूला ठेवली तर दोन्ही वार लागल्यावर सरासरी १७ डॅमेज. आता फायटर ४ / चोरटा १ घ्या. एकूण लेव्हल तीच, पण वार एकच: साडेचार, अधिक चार, अधिक स्नीक अटॅकचे (चोरट्याचा जादा फटका, १डी६) साडेतीन, म्हणजे १२. ही तूट पुढचे ७,५०० एक्सपी जमेपर्यंत चालते, आणि नेमक्या याच टप्प्यावर डीएम जड राक्षस आणायला लागतो. उलट फायटर ५ पूर्ण करून सहाव्याला चोरटा घेतला, तर दोन्ही वार लागल्यावर साडेवीस. शिवाय स्नीक अटॅक टर्नमध्ये एकदाच चालतो, तर पहिला वार हुकला तरी दुसऱ्या वाराला तो लावता येतो. साहित्य तेच, क्रम बदलला की चव बदलते.

सुरुवात कुठल्या क्लासने करायची हेही आधी ठरवा. सेव्हिंग थ्रो (संकटातून निसटायचे फासे, थोडक्यात सेव्ह) यांतलं कसब फक्त पहिल्या क्लासचं मिळतं. फायटरने सुरुवात केली तर स्ट्रेंग्थ आणि कॉन (काटकपणा), वर जड चिलखत. चोरट्यापासून फायटरमध्ये आलात तर जड चिलखत मिळत नाही, मध्यम चिलखत, ढाल आणि शस्त्रं मिळतात. पहिल्या लेव्हलचे पूर्ण हिट पॉइंटही फक्त पहिल्याच क्लासला. आमच्या शीटवर सगळ्यात जास्त चुका इथेच झाल्या: दोन्ही क्लासचे सेव्ह लिहिले गेले, म्हणजे फुकटचे दोन सेव्ह.

मल्टिक्लासची अट क्लासच्या मुख्य गुणांत किमान १३ ची आहे आणि ती जुन्या-नव्या दोन्ही क्लासना लागते. पॅलाडिनला स्ट्रेंग्थ आणि करिझ्मा दोन्ही १३ हवेत, मंक आणि रेंजरला डेक्स आणि विझ्डम. १५, १४, १३, १२, १०, ८ या ठरलेल्या आकड्यांत पॅलाडिन-सोर्सरर सहज बसतो: स्ट्रेंग्थ १५, करिझ्मा १४, कॉन १३. पॅलाडिन-मंक मात्र चार आकडे मागतो आणि कॉनला काही उरत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या म्हणतात ते हेच.

स्पेल स्लॉटचं, म्हणजे स्पेल टाकताना खर्ची पडणाऱ्या जागांचं, गणित नव्या माणसाला सगळ्यात जास्त छळतं. विझार्ड, क्लेरिक, सोर्सरर, बार्ड, ड्रुइड यांच्या लेव्हल पूर्ण मोजायच्या. पॅलाडिन आणि रेंजरच्या निम्म्या, अपूर्णांक सोडून. बेरीज करून मल्टिक्लासच्या तक्त्यात स्लॉट बघायचे. पण कोणते स्पेल येतात, ते प्रत्येक क्लास एकटाच आहे असं धरून ठरतं. क्लेरिक १ / विझार्ड ४ ची बेरीज ५, म्हणून तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट मिळतात, पण तिसऱ्या पातळीचा एकही स्पेल येत नाही. फायरबॉल विझार्ड ५ झाल्यावर, म्हणजे एकूण सहाव्या लेव्हलला. तोवर त्या स्लॉटमधून स्कॉर्चिंग रे टाका, तीनऐवजी चार किरण मिळतात. स्पेलबुकात उतरवतानाही विझार्डचीच लेव्हल बघा. एका पातळीमागे ५० सोन्याची नाणी आणि दोन तास जातात, चुकीचा स्पेल उतरवला की ते पाण्यात. या एका लेव्हलच्या उशिराबद्दल मिळतं काय? डेक्स १४ असेल तर स्केल मेल (मध्यम चिलखत) आणि ढालीने एसी (वार चुकवायचा आकडा) १८. मेज आर्मर स्पेलवर तो १५ असता, आणि स्लॉटही खर्ची पडला असता. माझ्या मते सौदा चोख आहे.

वॉरलॉकचे स्लॉट या बेरजेत धरायचे नाहीत. ते वेगळे, शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीला) परत येणारे. वापरताना मात्र कुठलाही स्लॉट कुठल्याही स्पेलला चालतो.

पॅलाडिन ६ / सोर्सरर २ हे आमच्या टेबलावरचं सगळ्यात समाधानाचं मिश्रण. पॅलाडिन ६ ला ऑरा ऑफ प्रोटेक्शन येतो, जवळच्या सगळ्यांच्या सेव्हमध्ये करिझ्माची भर पडते, म्हणून त्याआधी सोडू नका. आठव्या लेव्हलला बेरीज तीन अधिक दोन, म्हणजे ५. तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट मिळतात, जे नुसत्या पॅलाडिन ८ ला मिळत नाहीत. त्यातला एक डिव्हाइन स्माइटला (स्लॉट खर्चून वाराचं डॅमेज वाढवणं) लावला की ४डी८, सरासरी १८. किंमत म्हणजे पॅलाडिन ८ ची आकडेवाढ (गुणांचे आकडे वाढवायची संधी) गेली. ती क्लासच्या लेव्हलवर मिळते, एकूण लेव्हलवर नाही. दुसरी अडचण हातांची. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल, तर शील्ड स्पेलच्या हातवाऱ्यांना हात मोकळा नाही. वॉर कास्टर फीट (आकडेवाढीऐवजी घेता येणारं खास कसब) घेतल्याशिवाय नियमाने तो टाकता येत नाही. हे सहाव्या लेव्हलनंतर लक्षात येण्यापेक्षा चौथ्यालाच फीट घ्या.

बारीकसारीक: प्रोफिशिअन्सी बोनस (कसबाची भर) एकूण लेव्हलवर. कॅन्ट्रिपही (स्लॉट न लागणारे स्पेल) एकूण लेव्हलवर वाढतात, ५, ११ आणि १७ ला. दोन क्लासचे एक्स्ट्रा अटॅक एकत्र होत नाहीत, वार दोनच. हिट डाइस (विश्रांतीत हिट पॉइंट भरून काढायचे फासे) शीटवर वेगवेगळे लिहा, डी१० किती आणि डी८ किती, नाहीतर शॉर्ट रेस्टला घोळ होतो.

नियम मिळवायला पैसे लागत नाहीत. एसआरडी ५.१ (मूळ नियमांचा संच) हा २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला आहे आणि मल्टिक्लासची पानं त्यात आहेत. तेवढी झेरॉक्स काढून शीटला लावा. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की अ‍ॅप आणि चार्जिंग दोन्हीचा भरवसा नसतो, स्लॉटचा तक्ता कागदावरच हवा. २०२४ च्या नियमांवर खेळणाऱ्यांनी हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत: तिथे पॅलाडिन-रेंजरचा अपूर्णांक वर धरतात, आणि डिव्हाइन स्माइट बोनस अ‍ॅक्शनचा स्पेल झाला आहे.

नवव्या लेव्हलला फायटर ६ / चोरटा २ तिसरा चोरटा घेईल, स्नीक अटॅक २डी६ होईल. पॅलाडिनला सोर्सरर ३ मुळे मेटामॅजिक (स्पेलला हवं तसं वळण द्यायची कला). क्लेरिक १ / विझार्ड ७ ला मात्र विझार्ड ८ ची आकडेवाढ, जी नुसत्या विझार्डला आठव्यालाच मिळाली असती.