इस्को-०८ वरून जॉब डिस्क्रिप्शन: काही महिने वापरल्यावर

अकाउंट्सच्या जागेवर घेतलेल्या मुलीने लवकरच राजीनामा दिला. कारण स्पष्ट लिहिलं: जाहिरातीत अकाउंटंट, काम मात्र दिवसभर व्हाउचर चढवायचं. विभागप्रमुख म्हणाले, उमेदवारच टिकणारी नव्हती. माझ्या मते दोष आमच्या जॉब डिस्क्रिप्शनचा होता. सल्लागाराला पैसे मोजण्यापेक्षा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं इस्को-०८ हे व्यवसायांचं वर्गीकरण फुकट मिळतं, म्हणून नवं डिस्क्रिप्शन लिहायला तेच घेतलं.

त्यात ४३६ युनिट ग्रुप, म्हणजे सारख्या कामांच्या व्यवसायांचे गट, आणि प्रत्येकाला चार आकडी कोड. मला बोलायचंय ते प्रत्येक ग्रुपच्या शेवटी येणाऱ्या यादीबद्दल: जवळचे, पण दुसऱ्या ग्रुपमध्ये मोडणारे व्यवसाय. बहुतेक जण ग्रुपमध्ये आधी दिलेली कामं उचलतात आणि ही यादी सोडून देतात. मला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला. अकाउंटंटचा ग्रुप २४११, त्यात आर्थिक पत्रकं तयार करून प्रमाणित करणं येतं. बुककीपर ३३१३ मध्ये, अकाउंटंटच्या मार्गदर्शनाखाली पूर्ण हिशेब ठेवणारा. नोंदी आणि आकडे तपासणारा अकाउंट्स क्लार्क ४३११ मध्ये. कौशल्य पातळी अनुक्रमे ४ (सर्वात वरची), ३ आणि २. तिन्ही पानं विभागप्रमुखांपुढे ठेवून विचारलं, यातलं रोज काय होतं? पेन्सिलच्या खुणा जवळपास सगळ्या ४३११ वर पडल्या. पदनाम त्याच दिवशी बदललं.

तेव्हा मी याला पाचपैकी पाच दिले असते. आता साडेतीन. हे मुळात आकडेवारीसाठी बनलंय, त्यामुळे कोणत्या कामाला किती वेळ जातो, कोणाला रिपोर्ट करायचं, याचा त्यात पत्ता नाही. एका पदात वेगवेगळ्या पातळ्यांची कामं असली तर नियम सांगतो, सर्वात वरच्या पातळीच्या कामाप्रमाणे कोड द्या. आमच्याकडे एक जण बहुतेक वेळ लोकांचे कॉम्प्युटर सुरू करून देतो, अधूनमधून प्रोग्राम लिहितो. नियमाने तो २५१४, म्हणजे प्रोग्रामर! तीच चूक पुन्हा छापायची का? मी दोन्ही कामं लिहिली, पुढे वेळेचा अंदाज घातला आणि कोड फक्त फाइलला ठेवला. डेटा सायंटिस्टला तर स्वतंत्र ग्रुपच नाही. नव्या पदांसाठी सरळ काम करणाऱ्याजवळ बसा.

वापर मात्र थांबवलेला नाही. आता प्रत्येक जाहिरातीत त्या शेवटच्या यादीवरून दोन ओळी घालते: या पदावर अमुक काम नाही, तमुक नाही. मुलाखतीला येणारे सगळ्यात आधी त्याच ओळींबद्दल विचारतात.