साउथ डकोटातलं ट्रॅव्हल नर्सिंग: ‘आठवड्याला 2,110 डॉलर’मागची फसवणूक

ग्रीन कार्ड हातात आल्यावर ट्रॅव्हल नर्सिंगकडे, म्हणजे एजन्सीमार्फत दुसऱ्या गावी काही आठवड्यांच्या करारावर नर्सिंग करण्याकडे, वळणाऱ्या आपल्या मुलींसाठी हे लिहितेय. मला फसवणारा रिक्रूटर पुण्याहून रात्रपाळीत बोलणारा मराठी मुलगा होता. “ताई, साउथ डकोटात स्टेट टॅक्सच नाही. आठवड्याला 2,110, जवळपास सगळे हातात.” व्हॉट्सॲपवर त्याने तेवढा एकच आकडा पाठवला. फोड मागितली की “कॉन्ट्रॅक्टमध्ये येईलच ना, ताई” एवढंच उत्तर.

ती फोड अशी निघाली. तासाला 24 डॉलरप्रमाणे 36 तासांचे 864, हा पगार. उरलेले 1,246 राहण्या-जेवणाचा करमुक्त भत्ता. ऑक्टोबर 2024 पासून जीएसएचा, म्हणजे केंद्र सरकारचा, कामासाठीच्या प्रवासभत्त्याचा सर्वसाधारण दर रोज 110 डॉलर राहण्याचे आणि 68 जेवणाचे असा होता. सात दिवसांचे बरोबर 1,246 होतात. भत्ता कमाल मर्यादेला नेऊन ठेवायचा आणि पगार दाबायचा, हे एजन्सीच्या सोयीचं. ओव्हरटाइम त्या 24 च्या दीडपट, म्हणजे 36. भत्ता धरला तर नेहमीचा तास 58 डॉलरच्या वर पडतो. म्हणजे चाळीस तासांपुढे राबलं की तास उलट स्वस्त होतो! सोशल सिक्युरिटीत, म्हणजे सरकारी पेन्शनच्या हिशेबातही, एवढाच लहान पगार जमा धरला जातो.

खरा फटका कॉल ऑफने दिला. गावातलं हॉस्पिटल क्रिटिकल ॲक्सेस वर्गातलं, म्हणजे जास्तीत जास्त 25 खाटांचं. पेशंट कमी झाले की सगळ्यात आधी ट्रॅव्हल नर्सला “आज येऊ नका” असा फोन. दर दोन आठवड्यांत एक शिफ्ट बिनपगारी रद्द करण्याचा हक्क हॉस्पिटलला होता, आणि चुकलेल्या तासांचा भत्ताही कापला जाईल, असं कलम कॉन्ट्रॅक्टच्या पुरवणीत होतं. ती पुरवणी मी तिथे पोहोचल्यावर हातात आली. बारा तासांची एक शिफ्ट गेली की 288 नाही, 703 डॉलर जातात. मोटेलवाला मात्र भाडं कापत नाही. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी तिथे फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, सगळीकडून शिकारी येतात आणि खोल्यांचे दर चढतात. तासांप्रमाणे कापला जाणारा भत्ता ओव्हरटाइम काढताना पगारातच धरावा, असा निकाल नवव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे केंद्रीय अपील न्यायालयाचा विभाग) अपील न्यायालयाने 2021 मध्ये दिलाय. पण तो पश्चिमेकडच्या राज्यांसाठी. साउथ डकोटा आठव्या सर्किटमध्ये येतं.

आता स्टेट टॅक्स. साउथ डकोटात राज्याचा इन्कम टॅक्स नाही, हे खरं आहे. पण माझं घर न्यू जर्सीत, नवरा-मुलं एडिसनला. न्यू जर्सी आपल्या रहिवाशाची कमाई कुठेही झाली तरी तिच्यावर कर लावते. डकोटात पगारातून तो कापला गेला नाही, म्हणून एप्रिलमध्ये एकदम भरावा लागला. आणि भत्ता करमुक्त राहतो तोच मुळी दुसरीकडे टॅक्स होम, म्हणजे करासाठी धरलं जाणारं कायमचं ठिकाण, असेल, तिथला खर्च चालू असेल आणि काम एक वर्षाच्या आतलं असेल तर. म्हणजे घर ठेवलं तर घरच्या राज्याचा कर, आणि सोडलं तर भत्त्यावर कर. रिक्रूटर मात्र दोन्ही सवलती एकदमच विकत होता.

माझ्याबरोबरच्या मल्याळी मुलीने भाड्याचं घर सोडलेलं होतं. “पन्नास मैलांच्या पलीकडे असलं की पुरे,” असं सांगून तिच्याकडून टॅक्स होमच्या फॉर्मवर सही घेतली. आयआरएसचा, म्हणजे केंद्राच्या कर खात्याचा, असा कोणताही नियम नाही. उद्या तपासणी झाली तर त्या सहीमुळे जबाबदार तीच धरली जाईल, एजन्सी नाही.

तेव्हा फोन आला की तासाचा करपात्र दर, भत्ता, ओव्हरटाइमचा दर, हमीचे तास आणि शिफ्ट रद्द झाल्यावर काय कापणार, हे सगळं ईमेलवर मागा. पुरवणीसकट पूर्ण कॉन्ट्रॅक्ट वाचायला मिळेपर्यंत लायसन्सची कॉपी आणि सोशल सिक्युरिटी नंबर देऊ नका, समोरचा कितीही वेळा ताई म्हणाला तरी.