आरक्षण पडलेली जागा: टीडीआर घ्यावा, रोख घ्यावी की थांबावं?

पुण्यात ज्यांच्या जागेवर डीपीचं, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातलं, सार्वजनिक कामासाठी आरक्षण आहे किंवा ज्यांच्या गटातून रस्त्याची रेघ गेली आहे, त्यांना पहिला सल्ला ठरलेला असतो: "टीडीआर घ्या, दुप्पट मिळतो." टीडीआर म्हणजे जागेच्या बदल्यात मिळणारा, दुसऱ्या भूखंडावर वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. दुप्पट मिळतो हे खरं. पण दुप्पट काय मिळतं आणि ते कुठे खपतं, हे सांगायला कोणी थांबत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधलं कलम 126 आरक्षित जागा घ्यायचे तीन रस्ते सांगतं: आपसात ठरवून रक्कम, जागेच्या बदल्यात एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) किंवा टीडीआर, आणि 2013 च्या भूसंपादन कायद्याने सक्तीचं संपादन. याशिवाय समावेशक आरक्षण (सुविधा बांधून द्यायची, उरलेली जागा आपण विकसित करायची) आहे आणि आरक्षण उठवण्यासाठी कलम 127 ची नोटीस आहे. काही ठिकाणी नगररचना योजना (सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून नव्याने भूखंड पाडणं) असते, पण ती मालकाने एकट्याने निवडायची गोष्ट नाही.

आधी हिशेब

समजा जागा 1,000 चौरस मीटर, गावठाणाबाहेर, आणि तिथला जमिनीचा रेडी रेकनर, म्हणजे शासनाने ठरवलेला दर, चौरस मीटरला 10,000 रुपये.

टीडीआर घेतला तर एकात्मिक नियमावलीप्रमाणे, म्हणजे डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या यूडीसीपीआरप्रमाणे, जागेच्या दुप्पट, 2,000 चौरस मीटरचं विकास हक्क प्रमाणपत्र मिळतं. दाट वस्तीच्या भागात तिप्पट. हे 2,000 मीटर जसेच्या तसे कुठेही टाकता येत नाहीत. जिथून टीडीआर निघाला तिथला दर भागिले जिथे वापरायचा तिथला दर, गुणिले प्रमाणपत्रावरचं क्षेत्र, असं सूत्र आहे. दोन्ही दर टीडीआर निघाला त्या वर्षाचे धरतात. 40,000 दराच्या भागात तुमचे 2,000 मीटर 500 होतात. 8,000 दराच्या भागात तेच 2,500 होतात.

आता गुणाकार करा. 500 गुणिले 40,000 म्हणजे 2 कोटी. 2,500 गुणिले 8,000 म्हणजेही 2 कोटी. टीडीआर महागड्या पेठेत नेला काय आणि हद्दीच्या टोकाला नेला काय, रेडी रेकनरच्या हिशेबाने किंमत तीच राहते.

रोख मोबदल्यात बाजारमूल्य 1 कोटी धरलं, तर शहरी हद्दीत गुणक (बाजारमूल्याला ज्याने गुणतात तो आकडा) 1, त्यावर तेवढीच दिलासा रक्कम (सक्तीने जागा घेतल्याबद्दलची जादा भरपाई), म्हणजे तेही 2 कोटी. वर अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत (मोबदला ठरवणाऱ्या आदेशापर्यंत) किंवा ताबा घेईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर, बाजारमूल्यावर वर्षाला 12 टक्के. ग्रामीण हद्दीत गुणक जास्त असल्याने पारडं रोखीकडे झुकतं.

म्हणजे कागदावर दोन्ही सारखेच. फरक पडतो तो तीन ठिकाणी: मूळ दर कुठला धरला, पैसे किती वर्षांनी हातात येतात, आणि विकताना किती तूट सोसावी लागते.

टीडीआर कुठे अडतो

टीडीआरचं गिऱ्हाईक म्हणजे बिल्डर. त्याला किती टीडीआर टाकता येईल हे त्याच्या भूखंडासमोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. गावठाणाबाहेर 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर चालतच नाही. 9 ते 12 मीटरवर मूळ एफएसआय 1.10, प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) 0.50 आणि टीडीआर 0.40. 30 मीटर आणि पुढे टीडीआर 1.40 पर्यंत जातो. त्यातही काही वाटा झोपडपट्टी पुनर्वसनातून निघालेल्या टीडीआरसाठी सोडावा लागतो. त्यामुळे रस्ते रुंद असलेल्या भागात बांधकाम जोरात असेल तेव्हा टीडीआरला उठाव असतो आणि बाकीच्या वेळी प्रमाणपत्र कपाटात पडून राहतं.

भावाच्या घासाघिशीत बिल्डरच्या डोक्यात आणखी एक आकडा असतो. प्रीमियम एफएसआय त्याला रेडी रेकनर दराच्या 35 टक्क्यांनी मिळतो, तोही वारसांच्या सह्या न गोळा करता. प्रीमियमचा कोटा वेगळा आणि टीडीआरचा वेगळा असला, तरी तुलना होतेच. वरच्या उदाहरणातल्या 2 कोटींना 35 टक्के लावले तर 70 लाख होतात. टीडीआरचा भाव याच्या खाली-वर होतो, पण "दुप्पट" ऐकून मनात धरलेला आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहा.

कागदांची बाजू त्याहून चिवट आहे. अर्जासोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका, भूमी अभिलेखची मोजणी, वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल, झोन दाखला आणि भाग नकाशा (डीपीच्या नकाशाचा तुमच्या जागेपुरता भाग), हमीपत्र आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, इतकं तर लागतंच. त्यात हमखास अडकणाऱ्या गोष्टी अशा:

- सातबाऱ्यावर 20 गुंठे आणि मोजणीत 18. हिशेबाला कमी भरलेलं क्षेत्र धरलं जातं. मोजणी आधी करून घ्या, अर्ज नंतर.
- आजोबांच्या पश्चात वारस नोंद झाली, पण आत्यांची नावं लागली नाहीत. जाहीर नोटिशीवर हरकत तिथूनच येते. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. घरच्या स्टँप पेपरवर लिहून दिलेलं चालत नाही.
- इतर हक्कात कूळ, सोसायटीचा बोजा किंवा भोगवटादार वर्ग 2 (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन). वर्ग 2 असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांकडची परवानगी आणि नजराणा (शासनाला भरायची रक्कम).
- जागेवर दोन टपऱ्या आणि एक पत्र्याची शेड. जागा बोजारहित आणि अतिक्रमणमुक्त द्यायची असते. कुंपणभिंत आणि सपाटीकरणही मालकाकडेच असतं.

टेकडीवरच्या जागेची गोष्ट निराळी. 1997 मध्ये हद्दीत आलेल्या गावांमधल्या सुमारे 978 हेक्टरवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. तिथे दुप्पट नाही. 2015 मध्ये शासनाने 8 टक्के टीडीआर ठरवला. एकरभर जागेला जेमतेम 324 चौरस मीटर. एजंट "पुण्यात दुप्पट" म्हणत असेल, तर आधी भाग नकाशावरचा रंग बघा.

रोख: दर चांगला, तिजोरी रिकामी

रोखीचा खरा फायदा मूळ दरात आहे. भूसंपादन कायद्याच्या कलम 26 प्रमाणे फक्त रेडी रेकनर पाहत नाहीत. आसपासच्या तशाच जमिनींचे मागच्या तीन वर्षांतले खरेदीखतांचे व्यवहार काढायचे, त्यातल्या वरच्या निम्म्यांची सरासरी घ्यायची आणि जो आकडा जास्त तो धरायचा. म्हणून सुनावणीला जाण्याआधी आपणच दुय्यम निबंधकाकडून जवळच्या गटांचे इंडेक्स टू (नोंदलेल्या खरेदीखतांचे सारांश) काढून ठेवलेले बरे. बाजूच्या व्यवहारात निम्मे पैसे रोखीने फिरले असतील, तर खतावर दर रेडी रेकनरएवढाच दिसतो आणि त्याचा फटका शेवटी शेजाऱ्याला बसतो.

निवाडा पटला नाही तर रक्कम हरकत नोंदवूनच स्वीकारा. निवाड्याच्या वेळी तुम्ही किंवा तुमचा वकील हजर असेल, तर कलम 64 खाली वाढीव मोबदल्याचा अर्ज सहा आठवड्यांत करावा लागतो. निवाड्याच्या रकमेला कलम 96 ची प्राप्तिकर सूट आहे. टीडीआर विकल्यावर मात्र भांडवली नफ्याचा प्रश्न येतो, तो सीएला आधीच विचारा.

अडचण एकच, पण मोठी: महापालिकेकडे पैसे नसतात. कात्रज-कोंढवा रस्ता हे सगळ्यांसमोरचं उदाहरण. 84 मीटरचा आखलेला रस्ता जागा मिळेना म्हणून आधी 50 मीटरच करायचा ठरला आणि रोख मोबदल्यासाठी राज्य शासनाकडे हात पसरावा लागला. त्यातून एवढं कळतं की प्रकल्प चालू आहे, तुमची पट्टी अडलेली आहे आणि अंदाजपत्रकात तरतूद आहे, अशा वेळी रोख मागायला जोर असतो. उद्यानाच्या किंवा खेळाच्या मैदानाच्या आरक्षणाला तो सहसा नसतो.

थोडीच जागा जात असेल तर

रस्तारुंदीत पुढची पट्टी जाते आणि मागचा भूखंड राहतो, अशा मालकाने टीडीआर विकायच्या भानगडीत पडण्याआधी तो एफएसआय स्वतःच्याच उरलेल्या जागेवर खपतो का ते बघावं. दर तेच, त्यामुळे सूत्राची काटछाट नाही, गिऱ्हाईक शोधायचं नाही आणि तूटही नाही. सोसायटीचा पुनर्विकास तोंडावर असेल तर हा पर्याय बाकी सगळ्यांना मागे टाकतो. फक्त आर्किटेक्टकडून आधी नकाशावर बसवून घ्या: पट्टी गेल्यावर समासिक अंतरं (इमारतीभोवती मोकळी ठेवायची जागा) सोडून आणि पार्किंग धरून तो एफएसआय खरोखर उभा राहतो का. अरुंद, लांबट भूखंडात कागदावरचा एफएसआय बऱ्याचदा बांधताच येत नाही.

समावेशक आरक्षणात मालक स्वतः ती सुविधा, मग ती मंडई असो की दवाखाना, ठरलेल्या प्रमाणात बांधून महापालिकेला देतो आणि उरलेली जागा विकसित करतो. प्रमाण आरक्षणाच्या प्रकारानुसार यूडीसीपीआरच्या 11.1 मध्ये दिलं आहे. मोठा भूखंड, हातात भांडवल किंवा खात्रीचा विकसक असेल तरच याचा विचार करा. पाच-सात गुंठ्यांच्या मालकाने यात वेळ घालवू नये.

थांबावं का? कलम 127

सध्या सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे आणि त्याला कारण कॅलेंडर. पुण्याच्या जुन्या हद्दीचा 2007-2027 चा डीपी शासनाने जानेवारी 2017 मध्ये मंजूर केला. अंतिम डीपी अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालकाला मालकीच्या कागदांसह नोटीस देता येते. नोटीस पोचल्यापासून 24 महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. नुसता मुख्य सभेचा ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्र म्हणजे "पावलं" नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 च्या गिरनार ट्रेडर्स निकालात स्पष्ट केलं.

तीन ठिकाणी लोक चुकतात. दहा वर्षं पुरी होण्याआधी नोटीस देतात. ती वाया जाते. डीपीतून वगळून मागाहून मंजूर झालेल्या भागाची तारीख वेगळी असते, तरी 2017 चाच हिशेब धरतात. आणि 2017 मध्ये हद्दीत आलेल्या 11 किंवा 2021 मध्ये आलेल्या 23 गावांतले मालक प्रारूप आराखड्याची तारीख मोजतात. प्रारूपावरून हे घड्याळ चालू होत नाही.

पण त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. आरक्षण उठलं की जागेला शेजारच्या जमिनीचा वापर लागू होतो. शेजारी निवासी विभाग असेल तर सोनं. शेजारी शेती विभाग किंवा हिल टॉप (टेकडीमाथ्याचा विभाग) असेल तर दोन-तीन वर्षं थांबून हाती काहीच येत नाही. तिथे चालून आलेला टीडीआर सोडू नये. रस्त्याचं आरक्षण उठलं तर उलटाच फटका बसू शकतो, कारण समोरचा रस्ता अरुंद राहिला की तुमच्याच उरलेल्या जागेचा एफएसआय घटतो. शिवाय आरक्षण व्यपगत झाल्याचा शासनाचा आदेश राजपत्रात यावा लागतो. तोवर बांधकाम परवानगीची फाईल हलत नाही, आणि पुष्कळांना त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. वकिलाची फी आणि दोन-तीन वर्षं जास्तीची धरूनच थांबायचं ठरवा.

नगररचना योजनेत जमीन असेल तर

शिवाजीनगर किंवा संगमवाडीतल्या जुन्या पत्त्यांमध्ये "एफ. पी. नं." दिसतो तो अशाच योजनांमधला अंतिम भूखंड. पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) म्हाळुंगे-माण इथे सुमारे 250 हेक्टरवर हीच पद्धत पुन्हा आणली. साधारण निम्मी जमीन रस्ते, मोकळ्या जागा आणि सुविधांसाठी जाते, निम्मी चौकोनी करून रस्त्याला लागून परत मिळते. तुमचं काम फॉर्म नंबर 1 वाचायचं. मूळ भूखंडाचं मूल्य, अंतिम भूखंडाचं मूल्य, वाढ आणि त्यातलं तुमचं अंशदान (योजनेच्या खर्चातला तुमचा वाटा) त्यात असतं. अंशदान वाढीच्या निम्म्यापेक्षा जास्त असू शकत नाही. हरकत घ्यायची ती लवादाच्या (योजनेसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) सुनावणीत, लेखी आणि शेजारच्या भूखंडाच्या आकड्याशी तुलना करून. "आमच्यावर अन्याय झाला" एवढंच लिहिलेल्या अर्जावर काही हलत नाही.

आगाऊ ताब्याची सही

यातलं काहीही ठरण्याआधी रस्त्याचं काम दारात येतं आणि कनिष्ठ अभियंता आगाऊ ताब्याचा कागद पुढे करतो. काम अडवायचं नसेल तर द्या, पण कोऱ्या मजकुरावर नको. ताबा पावतीवर मोजणीप्रमाणे क्षेत्र, सर्व्हे नंबर, तारीख आणि "मोबदल्याचा प्रकार निवडण्याचा हक्क राखून" हे शब्द घाला, सोबत नकाशावर सही-शिक्का घ्या आणि आवक नंबर पडलेली प्रत घरी आणा. टीडीआर ही संमतीची गोष्ट आहे आणि "मोबदल्यापोटी टीडीआर मान्य" असं त्याच पावतीवर आधीच छापलेलं असेल, तर ती ओळ खोडून तिच्याशेजारी सही करा.