झाडं-किडे ओळखणारं ॲप, वर्षभर वापरल्यावर: त्या टक्क्यांवर भरवसा ठेवू नका

मंगळवारी सकाळी बँकेचा मेसेज आला, १,१९९ रुपये वजा. गेल्या जूनमध्ये बागेतली झाडं-किडे ओळखायला घेतलेल्या ॲपने न विचारता दुसऱ्या वर्षाची वर्गणी कापली होती. तीन मेल केले, तिन्हींना एकच छापील उत्तर. तेवढ्या पैशांत शेणखताची चार-पाच पोती आली असती. म्हणून बसून लिहितेय.

आधी चांगलं सांगते. रंकाळ्याच्या पलीकडे आमचं घर, मागे गुंठाभर मोकळी जागा. केना, आंबुशी, एकदांडी, भुईआवळी सगळं ॲपने बरोबर ओळखलं. नावं इंग्रजी, मराठी सासूबाईंकडून लिहून घेतली. जुलैत पपईची आणि मिरचीची रोपं रातोरात फस्त व्हायला लागली, तेव्हा एका मुठीएवढ्या गोगलगायीचा फोटो काढला. उत्तर आलं, आफ्रिकन गोगलगाय. मूळची पूर्व आफ्रिकेतली, १८४७ मध्ये कोलकात्यात आणलेली, एका वेळी शंभरावर अंडी घालणारी. शत्रू कोण ते कळल्यावर उपायही सापडला. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याच्या कडेला टाकायचं, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी उचलून साबणाच्या पाण्यात. कोल्हापुरात गुळाला काय तोटा! हातमोजे मात्र घालाच, या गोगलगायीत माणसाच्या मेंदूपर्यंत जाणारे कृमी असू शकतात. पंधरा दिवसांत मिरच्या वाचल्या आणि मी ॲपला पाच तारे देऊन आले.

ते तारे आता काढून घेतलेत, आणि कारण पैसे नाहीत. कारण आहे नावाखाली हिरव्या अक्षरात येणारा आकडा, म्हणजे ॲपला स्वतःच्या उत्तराची किती खात्री आहे ते. ९६ टक्के. ९८ टक्के. वर्षभरात मी त्या ॲपला एकदाही ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणताना पाहिलं नाही.

तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी होती. डोक्यामागे दोन निळे डोळे, शेपटीला शिंग. ॲप म्हणालं, द्राक्षवेलीवरची अळी, ९१ टक्के. आमच्याकडे द्राक्ष नाही! फोटो काढताना किडा वर्तुळात बसवायला लावतात, म्हणजे नेमकं झाडच फोटोबाहेर जातं. अळी कोणत्या झाडावर होती हा पहिला प्रश्न असायला हवा, आणि तो विचारायची सोयच ठेवलेली नाही. मैत्रिणीच्या सांगण्यावरून तोच फोटो आयनॅचरलिस्टवर टाकला, म्हणजे जिथे लोक झाडा-प्राण्यांचे फोटो टाकतात आणि एकमेकांना ओळखून देतात त्या संकेतस्थळावर. ते फुकट आहे. दोन दिवसांनी कुणीतरी विचारलं, ‘झाड तगर की कण्हेर?’ मी तगर म्हटल्यावर नाव मिळालं, डॅफनिस नेरी, कण्हेरीवरचा मोठा पतंग. मग दुसऱ्या एकाने दुजोरा दिला. तिथे एकट्या यंत्राचं चालत नाही, माणसं तपासतात, हे मला फार आवडलं.

तरी पैसे भरलेत म्हणून ॲप ठेवलं होतं. ऑगस्टच्या शेवटी धुण्याच्या दगडाखाली साप निघाला. काळपट, अंगावर पांढरे पट्टे. लांबून झूम करून फोटो घेतला. ‘मण्यार, ९७ टक्के.’ मी ते मोठ्याने वाचलं आणि शेजारचे काका काठी घेऊन आले. सासूबाईंनी त्यांना अडवलं आणि सर्पमित्राला फोन लावायला सांगितला. तो अर्ध्या तासात आला आणि म्हणाला, ‘वहिनी, हा कवड्या. बिनविषारी.’ मण्यारीचे पट्टे मानेपासून थोडे मागून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने, आणि शेपटीकडे ठळक असतात. कवड्याचे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरत जातात. माझ्या फोटोत मान दगडाखाली होती. अर्धा साप दिसत असताना ९७ टक्के कुठून आले?

त्या रात्री मला झोप लागली नाही. उलट झालं असतं तर? मण्यारीला कवड्या म्हटलं असतं तर? मण्यार रात्री फिरते, तिच्या दंशाला दुखतही नाही फारसं. काका काठी घेऊन आले ते माझ्या आवाजावर, आणि माझा आवाज त्या आकड्यावर होता. साप दिसला तर फोन सर्पमित्राला लावा, ॲप उघडू नका.

वर्गणी बंद केली, परताव्यासाठी चौथा मेल गेलाय. आता सगळं आयनॅचरलिस्टवर टाकते. घराचं ठिकाण धूसर दाखवायची सोय तिथे आहे, ती आधी लावून घ्या. फोटो एक नको. पान वरून, पान खालून, फूल, आणि आजूबाजूचं झाड, असे चार टाकले की उत्तर लवकर येतं.

गेल्या वर्षी कुंपणावर एक वेल आला होता. पैसेवाल्या ॲपने फुलाशिवायच करटोली ठरवून टाकला, ९६ टक्के. आयनॅचरलिस्टवर तो काकडीच्या कुळापर्यंत येऊन थांबलाय, पुढचं कुणी बोलायला तयार नाही. यंदाच्या पहिल्या पावसात तो परत फुटलाय. काका उपटतो म्हणत होते, मी थांबवलंय. फूल आलं की फोटो टाकते.