लग्नघराची यादी: वही, व्हॉट्सॲप की शीट?

लग्न ठरलं की आपल्याकडे आधी याद्या होतात. कधी कधी तर ‘यादी पे शादी’ म्हणत त्याच बैठकीत कार्यही उरकतं. मागच्या उन्हाळ्यात सोलापुरात पुतणीचं लग्न निघालं, तेव्हा घरात तीन याद्या एकदम चालू होत्या: वहिनींची वही, भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि भाच्याची गूगल शीट. तुमच्या घरी कार्य असेल तर हा अनुभव कामी येईल.

वहीत वर ‘श्री’, पहिली ओळ हळद-कुंकवाची. लिहिताना हात थांबतो आणि त्या थांबण्यातच विसरलेलं आठवतं. चार्जिंग लागत नाही, आजीलाही वाचता येते. पण मध्ये काही घुसवायचं म्हटलं की समासात बाण सुरू होतात. शिवाय वही एकच. आम्ही चाटी गल्लीच्या कापडबाजारात, वही घरच्या फडताळात, असं दोनदा झालं.

व्हॉट्सॲपवर यादी करू नका. पाठवलेला मेसेज 15 मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो. त्यानंतर जो तो तीच यादी कॉपी करून, त्यात भर घालून पुन्हा टाकतो. आमच्याकडे ‘फायनल’ आणि ‘फायनल नवी’ अशा दोन झाल्या. आहेराच्या चादरी एकीत 40, दुसरीत 60. दोघांनी दोन याद्या धरल्या आणि घरात 100 चादरी आल्या. चादरी नासत नाहीत एवढंच नशीब. ‘मिळालं’, ‘निघालो’ एवढ्यापुरता मात्र ग्रुप उत्तम.

शीटवर एकाच वेळी चौघं काम करू शकतात, यादी मात्र एकच राहते. फक्त शिस्त पाळावी लागते. एका ओळीत एकच वस्तू: ‘चादरी, टॉवेल, नारळ’ एकत्र लिहिलं आणि नारळ राहिले, तर खूण करायची कुठे? संख्या आणि माप वेगळ्या रकान्यांत, कारण एकाच चौकटीत ‘5 डझन’ लिहिलं तर बेरजेत ते धरलंच जात नाही. ‘कोण आणणार’ हा रकाना हवाच, आणि त्यात नाव एकाच पद्धतीनं. आमच्याकडे ‘अण्णा’, ‘अण्णामामा’ आणि ‘मोठे मामा’ हा एकच माणूस होता. शीटच्या लेखी तिघं.

क्रम कसा लावायचा, हे मला साधनापेक्षा महत्त्वाचं वाटतं. सोलापुरात संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, 68 लिंगांची प्रदक्षिणा करतात. वाटेच्या क्रमानं जायचं, मग एवढ्या ठिकाणांतलं एकही सुटत नाही. खरेदीची यादी तशीच करावी: चाटी गल्लीतलं एकत्र, मार्केट यार्डातलं एकत्र, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतलं एकत्र. विधीच्या साहित्याला मात्र विधींचाच क्रम.

खरेदीला एकच माणूस जाणार असेल तर वही पुरे. दोन-तीन जण निघणार असतील तर शीट करा आणि मोठ्यांना आपापल्या नावापुढचं तेवढंच छापून द्या.

फक्त त्याआधी एकदा डोळे मिटून अख्खा लग्नाचा दिवस मनात चालून बघा. आमच्या तिन्ही याद्यांत अंतरपाट नव्हता. गुरुजी आणतील, असं सगळ्यांनी धरलेलं. मुहूर्ताला जास्तीच्या चादरींतली एक उघडली. मंगलाष्टकं संपेपर्यंत दोन्ही मामांचे हात भरून आले होते.