एक ताणा, तीन बाणे: विणून घेतलेलं कापड घरात दहा महिने वापरल्यावर

कापड बाजारातून उचलायचं की मागावर विणून घ्यायचं, असं क्लायंट विचारतात तेव्हा मी इतकी वर्षं गुळमुळीत उत्तर देत आले. इंटिरियरची कामं करते, पण विणून घेतलेल्या कापडासोबत स्वतः राहिले नव्हते. शेवटी गेल्या पावसाळ्यात कोथरूडच्या आमच्याच फ्लॅटवर प्रयोग केला. सोलापूरच्या एका हातमाग विणकराकडून 54 मीटर सुती कापड विणून घेतलं. दसऱ्याला पडदे लागले, आता श्रावण चालू आहे. थंडी, एप्रिल-मेचं ऊन आणि दोन महिन्यांचा पाऊस, सगळं त्या कापडाने बघितलंय.

निकाल आधीच सांगते. पडदे दहापैकी नऊ, उशा सात, सोफा नापास.

मी नेहमीप्रमाणे खिडक्यांची मापं घेऊन गेले होते. विणकर अण्णांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "ताई, खिडकी नंतर. ताणा किती मीटरचा भरू ते बोला." ताणा म्हणजे मागावर लांबीत ताणून बसवलेले उभे धागे. तिथे डोक्यात प्रकाश पडला. ताणा भरायचा, एकेक धागा फणीतून ओवायचा, ही मेहनत दहा मीटरला जेवढी जवळपास तेवढीच पन्नासला. म्हणून कोणी पाच-सात मीटरसाठी माग अडवत नाही, आणि अडवलाच तर भाव ऐकून आपणच परत फिरतो. पण एकदा ताणा चढला की बाणा, म्हणजे त्यातून आडवा जाणारा धागा, कधीही बदलता येतो, धोट्यातली त्या धाग्याची कांडी बदलली की झालं. ताणा पांढरट सुताचा एकच. त्यावर पडद्यांना पांढरटच बाणा आणि मंजिष्ठाचे, म्हणजे वनस्पतीच्या लाल रंगाचे, बारीक पट्टे, उशांना मंजिष्ठाचा बाणा, सोफ्याला निळीचा. एका मागावरून तीन कापडं उतरली आणि तिन्ही एकमेकांची भावंडं दिसतात. बाजारात असा मेळ जमवायला मला चार दुकानं पालथी घालावी लागतात.

आता हिशेब, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. नमुन्याचं अर्धा मीटर कापड मी तीनदा धुतलं. 50 सेंटीमीटरचं साडेसत्तेचाळीस झालं, पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 48 इंचांचा 46. पुढचं सगळं गणित या धुतलेल्या मापावर. हॉलचं दार नऊ फूट, म्हणजे 108 इंच. चुण्या नीट पडायला दुप्पट रुंदी हवी, 216 इंच. भागिले 46, म्हणजे कापडाच्या पाच उभ्या पट्ट्या. उंची 102 इंच, वरची-खालची दुमड धरून 116. पण आडवे पट्टे दर 20 इंचांवर, आणि शेजारच्या पट्टीशी ते जुळायला हवेत, म्हणून प्रत्येक पट्टी 120 इंचांची. पाच पट्ट्यांचे 600 इंच, आटणं धरून पूर्ण 16 मीटर. दोन बेडरूमच्या खिडक्यांनाही योगायोगाने तेवढंच लागलं. सोफ्याला 14, उशांना 4, एकूण 50. अण्णांनी ताणा 60 मीटरचा भरला, कारण सुरुवातीचा-शेवटचा तुकडा वाया जातो आणि विणताना ताणा आखडतो. हातात 54 आलं, चार मीटर शिलकीचं. रंगासकट मीटरला 620 रुपये पडले.

एक बारकावा माझ्याकडून सुटला होता, तो अण्णांनी पकडला. धुतल्यावर पट्टा 20 इंचांवर यायचा असेल तर मागावर तो 21 वर टाकायला हवा. त्यांनी सुतळीला गाठी मारून माप ठेवलं आणि त्यावर विणलं. तरी हातच तो. एका पट्टीत रेघ अर्धा इंच खाली आली. पडदेवाल्याने ती पट्टी भिंतीकडच्या टोकाला लावली, आजवर कोणाच्या लक्षात आलेली नाही. (मला रोज दिसते.)

पडद्यांचं बाकी काय सांगू, सुरेख. तळाची दुमड लगेच न शिवता तीन दिवस नुसते टांगून ठेवले, मग माप घेऊन शिवले. पावसात हवा दमट झाली तरी तळ वाकडा झाला नाही. हॉलमध्ये सुती अस्तर लावलंय, तिथे मंजिष्ठा जशीच्या तशी आहे. पश्चिमेच्या बेडरूममध्ये मी अस्तराचे पैसे वाचवले. जूनमध्ये पडदे धुवायला काढले तर चुणीच्या बाहेरच्या कडांवर लाल पट्टे फिके आणि आत गडद.

उशांचे गुण हळदीने घालवले. शोभेला दोन-दोन इंच हळदीची पट्टी टाकायचा हट्ट माझा. अण्णा म्हणाले होते, "हळद उन्हात टिकत नाही ताई." होळीपर्यंत ती पट्टी ताकासारखी झाली.

आणि सोफा. ही माझ्या नियोजनातली चूक, विणकराची नाही. पडदा छान झुलावा म्हणून ताणा इंचाला 36 धागे असा सैल ठेवला होता, तोच सोफ्याला वापरला. तिसऱ्या महिन्यात शिवणीजवळ धागे सरकू लागले. टाका शाबूत, पण त्याच्या शेजारी कापडाला जाळी. मागून चिकटअस्तर लावलं असतं तर बरंच निभावलं असतं. खरं म्हणजे बसण्याच्या कापडाची घर्षण चाचणीही करायला हवी होती. घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशनमध्ये ती होते, मार्टिनडेल म्हणतात तिला. घरातल्या सोफ्याला साधारण 15 ते 25 हजार घासण्या झेलणारं कापड घेतात. क्लायंटच्या कामात मी हे काटेकोर बघते, स्वतःच्या घरी म्हटलं चालतंय.

त्यात नीळ. नीळ उन्हाला बऱ्यापैकी टिकते, पण घासली की सुटते. संक्रांतीला नणंद पांढरी सलवार घालून आली आणि तासभर सोफ्यावर बसली. उठली तेव्हा आईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा टाकायला आत पळाले.

मार्चमध्ये सोफ्याला बाजारातलं जाड, घट्ट विणीचं कापड घातलं, तेही पांढरट, आणि पडद्यांशी ते छान जमलंय. शिलकीच्या चार मीटरला मी अजून हात लावलेला नाही. पुढच्या खेपेला तोच रंग, तीच छटा मिळेल याची खात्री कोणी देत नाही. सध्या बाणेरच्या एका क्लायंटसाठी 80 मीटरचा ताणा ठरतोय. त्यात पडदे, उशा आणि पलंगपोस एवढंच. सोफा मी यादीतून काढला.

निळं कापड आईंनी गोधडीला मागून घेतलं. काल सातव्यांदा धुतलं, बादलीतलं पाणी अजून निळसरच.