सोडत, रांग की गरज? सरकारी घर आधी कोणाला द्यायचं

घरं कमी आणि मागणारे जास्त, म्हणजे क्रम लावणं आलंच. महाराष्ट्रात तो तीन तऱ्हांनी लागतो: म्हाडाची, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची सोडत, संक्रमण शिबिरातल्या (इमारत गेलेल्यांच्या तात्पुरत्या घरांतल्या) भाडेकरूंची बृहत्सूची, म्हणजे हक्काच्या घराची वाट पाहणाऱ्यांची यादी, आणि गावची घरकुल यादी. ग्रामसभेत बोलायचं असेल किंवा संघटनेत ठराव मांडायचा असेल, तर तिन्ही शेजारी ठेवून पाहा.

सोडतीची ताकद तिच्या आंधळेपणात आहे. 2023 मध्ये मुंबई मंडळाच्या 4,082 घरांसाठी सुमारे 1 लाख 20 हजार अर्ज आले. उत्पन्न गट, अधिवास प्रमाणपत्र, नावावर पक्कं घर नसणं, एवढी चाळणी लागली की पुढे संगणक. तिथे वशिला चालत नाही, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. पण एकाच गटात सहा माणसं दहा बाय दहाच्या खोलीत राहणारं कुटुंब आणि नुकतंच लग्न झालेलं, बऱ्या भाड्याच्या घरातलं जोडपं एकाच पारड्यात बसतात. वर्षानुवर्षं अर्ज भरणाऱ्याचं वजन पहिल्यांदा भरणाऱ्याइतकंच. शिवाय सोडतीआधीच काही प्राधान्य ठरलेलं असतं. अनुसूचित जातींना 11 टक्के, जमातींना 6 टक्के हे समजतं. आजी-माजी खासदार-आमदारांना 2 टक्के कशासाठी, याचं समर्थन मला करता येत नाही.

रांगेचा हक्क वेगळा. मुंबईतली उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणारी जुनी इमारत पडली किंवा पाडली, जागा अरुंद म्हणून पुन्हा बांधता आली नाही, अशी कुटुंबं शिबिरांत पिढ्या काढतात. त्यांना घर देणं म्हणजे देणं फेडणं. जो आधी बाहेर पडला त्याला आधी. अडचण कागदांची: जुन्या भाडेपावत्या, वारसांचे वाद, शिबिरातले घुसखोर. मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांनाही सरकार तेच देणं लागतं. 1982 च्या संपाला चाळीसहून जास्त वर्षं झाली, अर्ज दीड लाखाच्या वर आणि घरं मात्र सोडतीने: 2012 मध्ये 6,925, 2020 मध्ये 3,894, मध्ये 2016 ची एक खेप. यादी बंद झालेली, अर्जदार म्हातारे. अशा ठिकाणी सोडत हे चुकीचं हत्यार आहे. पंचाहत्तरीच्या माणसाला नशिबाची वाट पाहायला लावू नये. वयानुसार द्या.

गरजेनुसार क्रम लावायचा सर्वांत गंभीर प्रयत्न प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये झाला आहे. आधी बेघर, मग कच्च्या घरात किती खोल्या. त्यातही वंचिततेचे गुण: घरात 16 ते 59 वयाचं कोणीच नाही, कुटुंबप्रमुख बाई आणि त्या वयाचा पुरुष नाही, 25 वर्षांवरचं कोणी साक्षर नाही, अपंग सदस्य आहे पण धडधाकट प्रौढ नाही, जमीन नाही आणि मजुरीवरच भागतं. गुण सारखे पडले तर ग्रामसभा ठरवते, आणि तिथे कुष्ठरोग किंवा कर्करोग असलेलं घर, एकुलती एक मुलगी असलेलं कुटुंब यांना पुढे घेता येतं. म्हातारी सासू आणि विधवा सून पत्र्याखाली राहत असतील, तर त्यांना ओळखणारी पद्धत हीच.

पण पाहणारी माणसंच असतात. ही यादी ज्यावरून बनली त्या 2011 च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेत सुटलेल्यांसाठी 2018 मध्ये आवास प्लस सर्वेक्षण झालं, त्यातून गावोगावची ‘ड यादी’ आली. सर्वेक्षणाला माणूस आला तेव्हा घर ऊसतोडीला गेलेलं असेल, तर दाराला कुलूप आणि यादीत नाव नाही. दारात दुचाकी किंवा घरात फ्रीज दिसला तरी नाव वगळलं जायचं; ही अट 2024 मध्ये काढून टाकली. आणि भूमिहीनाला गुण मिळूनही घर बांधायला जागाच नसते. सपाट भागात योजनेतून मिळणाऱ्या मूळ 1 लाख 20 हजारांत जागा कुठून घेणार?

मला विचाराल तर पहिली पायरी गरजेची, एका पायरीवर अनेक जण असतील तर आधीपासून थांबलेला पुढे, आणि तरीही बरोबरी झाली तरच सोडत. ग्रामसभेत निदान एवढं मागा: यादी मोठ्याने वाचा, प्रत्येक नावापुढे कोणते निकष धरले ते सांगा, वगळलेल्या प्रत्येक नावाचं कारण इतिवृत्तात लिहा. अपील समितीपुढे जायचं झालं तर हाच कागद हाताशी लागतो.